हुकूमनाम्यानंतर: बेलिफाचा शेरा आणि कोर्टानं न विचारलेला प्रश्न

(सोलापूर इथं दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)



शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. मला त्या म्हणीबद्दल एक तक्रार आहे. ती फक्त पायरी चढण्याबद्दल बोलते. जो चढला, पंधरा वर्षं वर बसला, दावा जिंकला आणि आता निकालाची नक्कल हातात घेऊन ज्याला खाली उतरताच येत नाही, त्याच्याबद्दल म्हणीत एक अक्षर नाही. आज त्या माणसाबद्दल बोलायचं आहे. आणि त्याच्यासोबत अजून एकाबद्दल, ज्याच्यावर कुणी व्याख्यान देत नाही. तो म्हणजे बेलीफ.

सगळेच वकील नाहीत इथं, म्हणून दोन मिनिटं शब्दांसाठी. दिवाणी दाव्याचा निकाल लागला की त्यावरून हुकूमनामा तयार होतो. अमक्यानं तमक्याला इतके रुपये द्यावेत, या खोलीचा ताबा द्यावा, वगैरे. पण हुकूमनामा आपल्या पायानं चालत नाही. समोरच्यानं मुकाट्यानं पाळला तर ठीक, नाहीतर त्याच कोर्टात पुन्हा अर्ज करायचा. त्याला आपल्याकडं दरखास्त म्हणतात. ती दाखल करायला बारा वर्षांची मुदत आहे. आपल्या भाषेत बारा वर्षं म्हणजे एक तप, आणि कायदा करणाऱ्यांना हा योगायोग ठाऊक नसावा! दरखास्तीचा सगळा कारभार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर २१ मध्ये आहे. शंभराहून जास्त नियम आहेत त्यात. कोर्ट वॉरंट काढतं, ते नाझराकडं जातं, नाझर ते बेलिफाला देतो, बेलीफ जागेवर जातो, दोन पंच घेतो, पंचनामा करतो, वॉरंटच्या पाठीवर शेरा लिहितो आणि कागद परत कोर्टात येतो.

म्हणजे बघा, दिवाणी न्यायालय, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, एवढ्या सगळ्यांनी लिहिलेल्या शेकडो पानांनंतर शेवटचं वाक्य कोण लिहितो? बेलीफ. चार ओळींत. समीक्षकानं लक्ष द्यावं असं ते लेखन आहे आणि आज मी तेच करणार आहे. त्या चार ओळींची समीक्षा.

ज्यांनी दरखास्ती चालवल्यात त्यांना हे शेरे पाठ असतील. "देणेकऱ्याच्या घरास कुलूप आढळून आले." "देणेकरी बाहेरगावी गेल्याचे शेजाऱ्यांकडून समजले." "जप्त करण्याजोगी जंगम मिळकत मिळून आली नाही." "हरकत घेतल्याने ताबा देता आला नाही." आणि खाली ठरलेलं भरतवाक्य: "सबब वॉरंट विनाबजावणी परत सादर."

यातला एकही शेरा खोटा असेलच असं मी म्हणत नाही. कुलूप असतं. माणूस खरंच बाहेरगावी जातो. प्रश्न शेऱ्यात काय आहे हा नाही, काय नाही हा आहे. कुलूप किती वाजता आढळलं? दुपारी बाराला, नवराबायको दोघं कामावर असताना? दाराशी चपला होत्या का, दोरीवर कपडे वाळत होते का? शेजाऱ्यांकडून समजलं, तर त्या शेजाऱ्याचं नाव काय? हरकत घेतली ती कुणी, कुठल्या हक्कानं? तोंडी घेतली की कागद दाखवला? मराठीत कर्मणी प्रयोगाची मोठी सोय आहे. "आढळून आले", "समजले", "देता आला नाही". कर्ता सापडतच नाही. सरकारी मराठीनं हा प्रयोग इतका घासून घेतलाय, की कुणी काही केलंच नाही तरी वाक्य पूर्ण होतं.

आणि कायदा काय म्हणतो? जप्तीसाठी राहत्या घरात शिरायचं असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी शिरता येत नाही, हे कलम ६२ मध्ये आहे. बाहेरचं दार फोडता येत नाही, पण घर देणेकऱ्याच्याच वहिवाटीत असेल आणि तो आत येऊ देत नसेल तर फोडता येतं, हेही त्याच कलमात आहे. ताब्याच्या वॉरंटबाबत नियम ३५ तर सरळ सांगतो की आत जाऊ देत नसतील तर रीतसर सूचना द्यावी, आणि मग कोर्टाच्या कर्मचाऱ्यानं कुलूप काढावं, कडी उघडावी, दार तोडावं, ताबा द्यायला जे लागेल ते करावं. तेव्हा ताब्याच्या कामात "घरास कुलूप" ही माहिती झाली. ती कारण होऊ शकत नाही. आपण वर्षानुवर्षं माहितीला कारण समजून पुढची तारीख घेत आलोय.

आता मुख्य गोष्टीवर येतो. खरं म्हणजे याच एका नियमासाठी मी आज इथं उभा आहे.

ऑर्डर २१ चा नियम २५. त्याचा पहिला भाग असा: बेलिफानं वॉरंट कोणत्या दिवशी आणि कसं बजावलं ते त्यावर लिहावं, उशीर झाला असेल तर उशिराचं कारण लिहावं, बजावता आलं नसेल तर का नाही ते लिहावं आणि कागद परत करावा. इथवर आपण सगळे पाळतो. दुसरा भाग कुणी वाचत नाही. बजावता येत नाही असा शेरा आला, तर कोर्टानं त्या कर्मचाऱ्याची त्या असमर्थतेबद्दल तपासणी करावी, गरज वाटल्यास साक्षीदारही बोलवावेत आणि निष्कर्ष नोंदवावा. तपासणी "करावी" असं आहे, "करता येईल" असं नाही. साक्षीदार बोलवणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, बेलिफाला विचारणं मर्जीवर नाही. इंग्रजीत तिथं 'शॅल' आहे.

माझ्या वकिलीच्या सगळ्या काळात ही तपासणी न सांगता, आपणहून झालेली मी एकदाही पाहिली नाही. रोजनाम्यात काय येतं? "वॉरंट विनाबजावणी परत. दरखास्तदाराने पुढील तजवीज करावी." संपलं. ज्याचं काम झालं नाही त्याला प्रश्न नाही, ज्याचं नुकसान झालं त्यालाच हुकूम! मग दरखास्तदार पुन्हा प्रोसेस फी भरतो, पुन्हा वॉरंट निघतं, पुन्हा कुलूप.

एक प्रसंग सांगतो, कोर्टाचं नाव सांगणार नाही. एका विधवा बाईंची दोन खोल्यांच्या ताब्याची दरखास्त होती. वॉरंट तीनदा परत आलं, तिन्ही वेळा कुलूप. चौथ्या वेळी आम्ही नियम २५ खाली साधा अर्ज दिला, बेलिफाची तपासणी व्हावी म्हणून. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी बेलिफाला बोलावून दोनच प्रश्न विचारले. तिन्ही वेळी किती वाजता गेलात? आणि शेजारी कोण होतं? बेलीफ गप्प. मग म्हणाला, साहेब, मी रिक्षा स्टँडवरनंच विचारून परत आलो. पुढच्या आठवड्यात ताबा मिळाला. कुणाला निलंबित करावं लागलं नाही, चौकशी अधिकारी नेमावा लागला नाही. दोन प्रश्न पुरले.

हे ऐकून लगेच टाळी वाजवू नका, कारण त्या बेलिफाची बाजूही आहे. तो जातो कशानं? एसटीनं. नाहीतर दरखास्तदारच गाडी करतो, आणि पक्षकाराच्या गाडीतून उतरणारा बेलीफ समोरच्याला पहिल्या क्षणापासून विकला गेलेला वाटतो. त्याच्याकडं एकाच वेळी समन्सं, नोटिसा, वॉरंटं, सगळं असतं. गावात गेला की समोर वीस माणसं, आणि पोलीस बंदोबस्ताचा कागद ठाण्यात कुठंतरी पडलेला. तिथं त्यानं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? म्हणूनच मी शिक्षेच्या आधी तपासणी म्हणतोय. तपासणीत तो हेच सांगेल: बंदोबस्त मागितला होता, अमुक तारखेला पत्र दिलं होतं, आलं नाही. मग प्रश्न बेलिफावरून सरकून ठाण्यावर जाईल, आणि तो तिथंच जायला हवा. आज काय होतं, शेऱ्याच्या चार ओळींत आळशी बेलीफ आणि हतबल बेलीफ अगदी सारखे दिसतात. दोघांना वेगळं काढायची दुसरी कुठलीही रीत आपल्याकडं नाही. तपासणीनं हतबल माणूस सुटतो, आणि हे बेलिफांच्या संघटनांनीही लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता सर्वोच्च न्यायालयाकडं वळू, कारण गेल्या चारपाच वर्षांत तिथून या विषयावर बरंच काही आलंय. एप्रिल २०२१ मध्ये राहुल शहा विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानं सांगितलं, की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा, आणि मुदत वाढवायची असेल तर लेखी कारणं द्या. त्याच निकालात पोलीस मदतीबद्दल निर्देश आहे. वॉरंट बजावणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी न्यायिक अकादमींनी पुस्तिका तयार कराव्यात, प्रशिक्षण द्यावं, असंही आहे. चांगलंच आहे. पुढं मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरण आलं. तामिळनाडूतलं, १९८० चा जमीनविक्रीचा करार, १९८६ चा हुकूमनामा, आणि भांडण २०२५ पर्यंत. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी सगळ्या उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करायला सांगितली, सहा महिन्यांत त्या निकाली काढायला सांगितल्या आणि त्याची जबाबदारी त्या त्या न्यायाधीशावर टाकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडे आले. सहा महिन्यांत ३,३८,६८५ दरखास्ती निकाली, तरी देशभरात ८,८२,५७८ शिल्लक. आणि शिलकीत पहिला नंबर कुणाचा? आपला. एकट्या महाराष्ट्रात तीन लाख चाळीस हजारांच्या वर.

न्यायालयाची तळमळ खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. निकाली निघाली म्हणजे काय? दरखास्त तीन प्रकारे निकाली निघते. पैसे मिळाले किंवा ताबा मिळाला, हा एक. आपसांत मिटलं, हा दुसरा. आणि तिसरा, "दरखास्तदाराने तजवीज न केल्याने दरखास्त निकाली". तक्त्यात तिन्हींचा रकाना एकच असेल तर काय होणार? न्यायाधीशाच्या डोक्यावर सहा महिन्यांची टांगती तलवार, बेलिफाला विचारायला वेळ नाही, तीनदा वॉरंट परत आलेलं, समोर थकलेली बाई. सगळ्यात सोपा मार्ग कोणता, मी सांगायला हवं का? त्या तीन लाख अडतीस हजारांपैकी किती जणांच्या हातात किल्ली पडली, किती जणांच्या खात्यात रक्कम आली, हे वेगळं मोजलं पाहिजे. ते न मोजता नुसती मुदत लावली तर मुदत दरखास्तदारावरच उलटते.

आणि दुसरं. न्यायाधीशाला जबाबदार धरलं, बेलिफाला प्रशिक्षण दिलं, पण त्या दोघांना जोडणारा नियम २५ चा प्रश्न तसाच राहिला. माझ्या मते या दोन्ही निकालांतली उणीव ती आहे.

आपण संहिता इंग्रजांकडून घेतली म्हणतो, म्हणून त्यांच्याकडं काय आहे ते सांगतो. इंग्लंडच्या काउंटी कोर्ट्स अ‍ॅक्ट १९८४ मध्ये कलम १२४ आहे. जंगम मालावर जप्ती करायला नेमलेल्या बेलिफानं हयगय केली, संगनमत केलं किंवा काम टाळलं आणि त्यामुळं वसुलीची संधी हुकली, तर पक्षकार थेट न्यायाधीशाकडं तक्रार करू शकतो. सिद्ध झालं तर झालेली नुकसानी बेलिफानं भरायची. आपल्याकडं असं काही आलं नाही. आपल्याकडं काय आहे, तर १८५० चा न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा. त्यात कोर्टाचं वॉरंट बजावणाऱ्याला संरक्षण आहे. पण तो नीट वाचा. संरक्षण बजावल्याबद्दल आहे, न बजावल्याबद्दल नाही. दार तोडलं म्हणून दावा लागू नये, एवढाच त्याचा हेतू. रिक्षा स्टँडवरून परत येणाऱ्यासाठी तो केलेला नाही.

मी इंग्लंडचं कलम जसंच्या तसं इथं आणा म्हणतोय का? नाही. बेलिफाच्या पगारातून नुकसानी कापली तर तो उद्यापासून गरिबाच्या घरात जास्त जोरानं शिरेल, आणि श्रीमंताचा वकील बघून आजच्यासारखाच परत येईल. हे मी हवेत बोलत नाही. आपल्या दख्खनला याचा अनुभव आहे, सोलापूरला तर खासच.

१८७२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं म्हटलं होतं, की भारतात दावेकऱ्याच्या अडचणी खऱ्या सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यावर. प्रत्येक निकालपत्रात हे वाक्य येतं, वकीलमंडळी मोठ्या हौसेनं सांगतात. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला काय झालं ते त्याच्या शेजारी ठेवून कुणी सांगत नाही. शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी काय जाळलं? कर्जखतं आणि हुकूमनामे. धान्याच्या पोत्यांपेक्षा त्यांना कागद हवे होते. कारण बहुतेक हुकूमनामे एकतर्फी. शेतकऱ्याला दावा लागल्याचा पत्ताच नाही, थेट जप्ती दारात. म्हणजे एकाच दशकात धनको म्हणतोय बजावणी होत नाही, आणि ऋणको म्हणतोय बजावणीनं मेलो. दोघंही खरं बोलत होते. बजावणी ज्याच्या हातात बळ त्याच्यासाठी होत होती.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैद करायचं नाही, असं त्यात होतं. कोर्टानं कर्जाचा इतिहास मुळापासून तपासावा, असं होतं. आणि आजच्या विषयासाठी महत्त्वाचं म्हणजे खालच्या कोर्टांवर देखरेखीची खास व्यवस्था होती. विशेष न्यायाधीश नेमला जायचा, तो दप्तरं तपासायचा. न्यायमूर्ती रानडे उच्च न्यायालयात जाण्याआधी हेच काम करत होते. दप्तर उघडून बघणारा माणूस जिल्ह्यात येणार आहे, एवढ्या जाणिवेनंसुद्धा नाझराच्या खोलीतली हवा बदलत असणार, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा म्हणून सांगत नाही.

त्याहून मागं पेशवाईत जा. तिथं बजावणी सरकारकडं फारशी नव्हतीच, तगादा होता. एल्फिन्स्टननं आपल्या अहवालात त्याचं वर्णन केलंय. देणं असलेल्या माणसाच्या दारात जाऊन बसायचं, त्याचं जगणं अवघड करायचं. रानटी पद्धत, यात वाद नाही. इंग्रजी राज्यानं धनकोचा तो हात काढून घेतला आणि सांगितलं, तू दारात बसायचं नाहीस, आमचा बेलीफ जाईल. हा करार होता एक प्रकारचा. बेलीफ गेलाच नाही तर करार मोडला, आणि मग तगादा परत येतो. आलाच आहे. कर्जाचा हप्ता चुकल्यावर दारात येणारी तगडी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

इथं माझा सगळ्यात मोठा आक्षेप येतो. बेलिफावर आज नक्की कोण अवलंबून आहे? बँका नाहीत. त्यांना २००२ चा सरफेसी कायदा मिळाला, दावा न लावता तारण ताब्यात घ्यायचा. जिल्हाधिकाऱ्यानं किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यानं कलम १४ खाली तीस दिवसांत आदेश करायचा, फार तर साठ. सहकारी बँका आणि पतसंस्था नाहीत. त्यांना सहकार कायद्यात कलम १०१ चा वसुली दाखला आहे आणि कलम १५६ खाली विशेष वसुली अधिकारी आहे, तो तर बहुधा संस्थेचाच पगारी माणूस असतो, जीप घेऊन फिरतो. ज्यांच्याकडं वजन होतं ते एकेक करून या रांगेतून बाहेर पडले. रांगेत उरलं कोण? भाडेकरूकडून खोली परत मागणारी म्हातारी, भावाकडून वाटणी मागणारी बहीण, हातउसने पैसे बुडालेला दुकानदार, अपघाताची भरपाई थकलेलं कुटुंब. म्हणून बेलिफाच्या शेऱ्यावर ओरड होत नाही. ज्यांचा आवाज पोचतो त्यांचं काम त्याच्यावाचून चालतं.

आणि देणेकरीसुद्धा आपलाच माणूस असतो, हे विसरू नका. कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही त्याची यादी आहे: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाही असा दागिना, कारागिराची अवजारं. आपल्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात हातमाग असेल तर तो काय आहे, हे बेलिफाला कळलं पाहिजे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं, की ज्याच्याकडं नाहीच त्याला नुसत्या न फेडण्यासाठी तुरुंगात टाकता येणार नाही. आहे आणि देत नाही, तोच गुन्हेगार. "मिळकत मिळून आली नाही" हा शेरा म्हणूनच महत्त्वाचा. तो खरा असेल तर गरिबाला वाचवतो, खोटा असेल तर लबाडाला. न विचारता तुम्हाला कसं कळणार कुठला आहे तो?

जिल्हाधिकारी कार्यालयाकडं थोडक्यात वळतो, नाहीतर सोलापूरकर मला जाऊ देणार नाहीत. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला, की कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप कलेक्टरनं करायचं. तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख, मोजणी, तक्ता, हरकती. कोर्टाच्या हुकमाबाहेर त्यांना जाता येत नाही, पण फाइल कपाटात ठेवता येते! उसाचंही तेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपी चौदा दिवसांत द्यायची, नाही दिली तर पंधरा टक्के व्याज. साखर आयुक्त पुण्यातून आरआरसी काढतात, जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करा असा तो दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडं येतो. पुढं काय होतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. बंद गिरण्यांच्या कामगारांनी जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखालचे वसुली दाखले याच टेबलावर पाहिलेत. इथं तर बेलिफाचा शेराही नाही. वॉरंटवर निदान "कुलूप" लिहून येतं, महसुली दाखल्यावर काहीच लिहून येत नाही. तहसीलदाराला त्यानं काय केलं हे लेखी विचारणारा नियम २५ सारखा रोजचा मार्ग तिथं नाही, हायकोर्टात रिट घेऊन जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतंय आणि सोलापूर त्यात आहे, तेवढं अंतर कमी झालं. पण प्रत्येक तहसीलदारासाठी रिट हा काही उपाय म्हणता येणार नाही.

मग शिस्त कशी लावायची? शिस्तभंगाचे नियम आहेत, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या हातात अधिकार आहेत. पण विभागीय चौकशी वर्षानुवर्षं चालते आणि तिच्या शेवटी दरखास्तदाराला काही मिळत नाही. म्हणून माझी मागणी छोटी आहे. वॉरंट विनाबजावणी परत आलं, की त्याच तारखेला बेलीफ हजर, न्यायाधीशांचे चार प्रश्न, उत्तरं रोजनाम्यावर. शेऱ्यात वेळ, जागा, शेजाऱ्याचं नाव सक्तीचं. शक्य तिथं फोटो. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. एकाच बेलिफाची उत्तरं वर्षभर रोजनाम्यात जमली, की हयगय कुणाची आणि अडचण कुणाची हे आपोआप दिसेल, आणि मग चौकशी करायची तर ती कागदावर उभी राहील. आणि जिल्ह्याच्या तक्त्यात निकालीच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना हवा: हातात पडलं का?

आता प्रश्न घेतो.

श्रोता: सर, बेलिफाला कोर्टात उभं केलं तर पुढच्या वेळी तो मुद्दाम आमचंच वॉरंट रखडवणार नाही का? आम्हाला त्याच्याकडंच जायचं असतं.

रखडवेल, अशी भीती रास्त आहे. माझ्या त्या विधवा बाईंनाही तीच भीती होती, अर्जावर सही करायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. म्हणूनच ही तपासणी पक्षकाराच्या अर्जावर अवलंबून असता कामा नये. नियमात अर्जाचा उल्लेखच नाही. कोर्टानं प्रत्येक परत आलेल्या वॉरंटवर आपणहून विचारलं, तर कुणी एकट्यानं शत्रुत्व घेतलं असं होत नाही. तोवर वकील संघानं एकत्रित निवेदन द्यावं. एकट्या पक्षकाराला पुढं करू नये.

श्रोता (मागच्या रांगेतून एक बाई): माझ्या दरखास्तीला अकरा वर्षं झाली. आता बारा पूर्ण होतील. मग ती रद्द होणार का?

नाही हो ताई, घाबरू नका. बारा वर्षं ही दरखास्त दाखल करायची मुदत आहे, ती चालण्याची नाही. तुमची वेळेत दाखल आहे ना? मग झालं. मला सांगा, शेवटचं वॉरंट कधी परत आलं? ... दोन वर्षांपूर्वी. त्यावर शेरा काय आहे, वाचलाय का? ... वकिलांनी सांगितलं नाही. बरं. उद्या नकलेचा अर्ज द्या, वॉरंटच्या पाठीमागच्या बाजूची नक्कल मागा. पुढच्या बाजूची नाही, पाठीमागची. ती घेऊन या, आपण बसून वाचू.